रस्त्यावरील रेषा आणि पादचारी : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर यांच्या संदर्भात

रस्त्यावर रंगविलेली पांढरी रेषा ही दळणवळणाच्या इतिहासातील अगदी अलीकडची वस्तू होय. सडक, पूल, घाट, मैलाचा दगड यांचा इतिहास शतकांत मोजावा लागतो. रेषेचा इतिहास शंभराहून थोड्या अधिक वर्षांचा आहे. ती भिंत नव्हे आणि कठडाही नव्हे. वाहन अडविण्याचे कोणतेही सामर्थ्य तिच्या अंगी नाही. तिचे सारे बळ संकेतात आहे, आणि संकेत तो पाळणाऱ्यांच्या समजुतीवर व पाळावयास लावणाऱ्या सत्तेवर अवलंबून असतो. हा संकेत मुळात कोणासाठी निर्माण झाला आणि निराळ्या घडणीच्या रस्त्यावर तो नेला असता त्याचे काय होते, हा प्रश्न म्हणूनच केवळ स्थापत्यशास्त्राचा नसून इतिहासाचाही आहे. उल्हास नदीच्या खोऱ्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही तीन नगरे त्याच्या विचारास विशेष उपयुक्त आहेत.

रेषेचा उगम सामान्यतः अमेरिकेतील मिशिगन राज्यात मानला जातो. तेथील वेन परगण्याच्या रस्ते मंडळाचे सदस्य एडवर्ड हाइन्स यांच्या कल्पनेनुसार १९११ साली ट्रेंटन गावानजीकच्या नदीकाठच्या रस्त्यावर मध्यरेषा आखण्यात आली. १९१७ साली कॅलिफोर्नियातील इंडिओजवळ जून मॅक्कॅरोल या महिला डॉक्टरांनी अशीच रेषा स्वतः रंगविली. इंग्लंडमध्ये १९२६ च्या सुमारास पांढऱ्या रेषांसंबंधी सरकारी मार्गदर्शन निघाले. या आरंभीच्या रेषांचा हेतू एकच होता : समोरासमोर येणाऱ्या दोन वाहनांनी आपापली बाजू सोडू नये. रेषा जन्मली ती मोटारीला मोटारीपासून वाचविण्यासाठी. पायी चालणारा मनुष्य तिच्या कल्पनेत जवळजवळ नव्हताच.

पादचाऱ्याची रेषा नंतर आली. इंग्लंडमध्ये १९३४ नंतर रस्ता ओलांडण्याच्या जागा धातूच्या खिळ्यांनी दर्शविल्या जात व दोन्ही कडांना नारिंगी गोलक बसविलेले खांब उभारले जात. हे खिळे दुरून दिसत नसल्याने १९४९ साली निरनिराळे पट्टे प्रयोगादाखल रंगवून पाहण्यात आले, आणि १९५१ पासून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या ‘झेब्रा’ मार्गाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. यातील क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. पट्टे एकटे आले नाहीत. त्यांच्या जोडीला प्रकाशित खांब होता आणि पादचाऱ्यास प्रथम जाऊ देण्याचा नियम होता. मागाहून जगभर पसरले ते मुख्यतः पट्टे. खांब व नियम पुष्कळ ठिकाणी मागेच राहिले.

हिंदुस्थानात रस्त्यांचा संघटित विचार १९२७ साली नेमलेल्या रस्ते विकास समितीपासून सुरू झाला. तिचे अध्यक्ष बॅ. मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, हे होते. समितीच्या शिफारशींतून १९२९ साली मध्यवर्ती रस्ते निधी व १९३४ च्या डिसेंबरात ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ ही संस्था अस्तित्वात आली. १९४३ साली नागपूर येथे मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने जी वीस वर्षांची योजना आखली, तिचा भर रस्त्यांची लांबी व वर्गवारी यांवर होता. देशात रस्ते कमी होते, तेव्हा ते स्वाभाविकही होते. रस्त्यावरील चिन्हांकनाची स्वतंत्र संहिता या संस्थेने १९७० साली प्रसिद्ध केली आणि १९९७ व २०१५ साली तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या काढल्या. म्हणजेच संहिता आली तेव्हा प्रस्तुत तिन्ही नगरांच्या रस्त्यांना त्यांचे वळण आधीच पडून गेले होते.

हे वळण रेल्वेने दिले. लोहमार्ग १८५४ साली कल्याणपर्यंत व १८५६ साली खोपोलीपर्यंत पोहोचला, आणि पुढे बोरघाटातून दख्खनेस जोडला गेला. अंबरनाथाचे शिवालय शिलाहारकालीन, इ. स. १०६० च्या शिलालेखाचे. तथापि आजचे नगर वाढले ते आगपेट्यांचा कारखाना, युद्धसामग्रीचा कारखाना व नंतरच्या औद्योगिक वसाहती यांच्याभोवती. बदलापूर हे नाव घोडे बदलण्याच्या ठाण्यावरून पडले, अशी परंपरा सांगते. तिचे ऐतिहासिक मोल काहीही असो, घाटवाटेवरील मुक्काम हे त्या गावाचे जुने स्थान तीतून सूचित होते. मात्र आधुनिक बदलापूर हे लोकलगाडीचे अपत्य आहे. त्याची लोकसंख्या २००१ साली ९७,९४८ होती, ती २०११ साली १,७४,२२६ झाली.

उल्हासनगरची कथा निराळी आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणनजीक उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नगराची कोनशिला बसली आणि त्यास नदीवरून नाव मिळाले. १९५१ च्या जनगणनेत तेथे ८०,८६१ माणसे होती. २०११ साली ती ५,०६,०९८ झाली, आणि तीही सुमारे तेरा चौरस किलोमीटर क्षेत्रात. वस्त्यांस आजही ‘कॅम्प’ व ‘सेक्शन’ अशीच नावे आहेत. बराकींचे घर झाले, घराचे दुकान झाले, दुकानामागे कारखाना आला. ज्या रस्त्याने लष्करी वाहने जावीत अशी अपेक्षा होती, तोच बाजारपेठेचे अंगण बनला.

छावणी, कारखाना आणि स्थानक अशी या तीन रस्त्यांची तीन मुळे होत. तिन्हींचा परिणाम मात्र एकच झाला : लांबचा प्रवास रेल्वेने आणि रस्ता हा घर व स्थानक यांमधील दुवा. गाडी फलाटास लागते आणि काही मिनिटांत शेकडो माणसे एकदम रस्त्यावर येतात. काही रिक्षाकडे वळतात, पुष्कळशी पायीच निघतात. अशा रस्त्याचा प्रमुख उपभोक्ता मोटारचालक नसून पादचारी आहे. पदपथ नसेल, किंवा असून तो हातगाड्या व उभ्या दुचाक्या यांनी व्यापला असेल, तर हा पादचारी वाहनांच्याच पट्ट्यातून चालतो. कडरेषा आखण्यास आधी रस्त्याला कड असावी लागते. जेथे दुकानाची पायरी आणि डांबर एकमेकांत मिसळतात, तेथे ती आखावी कोठे, हाच प्रश्न उरतो.

या ठिकाणी परदेशी संशोधनाची साक्ष उद्बोधक आहे. अमेरिकेतील सॅन डिएगो शहरातील पट्टे असलेल्या व नसलेल्या ओलांड-मार्गांची तुलना १९७२ साली प्रसिद्ध झाली. सिग्नल नसलेल्या चौकांत, पादचाऱ्यांच्या वर्दळीच्या मानाने, पट्टे असलेल्या मार्गांवरच अधिक अपघात आढळले. या निष्कर्षाने मोठा वाद माजला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अध्ययनात तीस शहरांतील पट्ट्यांच्या एक हजार व विनापट्ट्यांच्या एक हजार जागा तपासण्यात आल्या. दुपदरी रस्त्यावर नुसत्या पट्ट्यांनी फरक पडत नाही. अनेकपदरी व दिवसाकाठी बारा हजारांहून अधिक वाहनांच्या रस्त्यावर मात्र, अन्य उपाय नसल्यास, पट्ट्यांच्या जागी अपघातांचे प्रमाण अधिक असते, असे त्यातून दिसले. जेथे मधोमध उंच दुभाजक होता तेथे धोका कमी होता. कारण उघड आहे. अनेकपदरी रस्त्यावर एक वाहन थांबते, शेजारचे थांबत नाही, आणि थांबलेल्या वाहनाच्या आडून पुढे आलेला मनुष्य दुसऱ्या चालकास दिसत नाही.

यावरून रेषा निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. रेषा ही एका व्यवस्थेचा शेवटचा अवयव आहे, एवढाच त्याचा अर्थ. उल्हास खोऱ्यातील रस्त्यांना हे विशेषत्वाने लागू पडते. गर्दीवरील उपाय म्हणून रस्ता रुंद केला आणि त्यावर पट्टे ओढले, तर पादचाऱ्यास ओलांडावयाचे अंतर वाढते आणि संरक्षण मात्र रंगापुरतेच राहते. मध्ये थांबण्यास जागा, वाहनांचा वेग कमी करणारी उंची किंवा सिग्नल, आणि अलीकडे-पलीकडे मोकळा पदपथ, या गोष्टी आधी हव्यात.

रंगाचीही मर्यादा आहे. रेषेत मिसळलेले काचेचे बारीक मणी दिव्याचा प्रकाश चालकाकडे परतवितात, म्हणून ती रात्री उजळते. पावसात मण्यांवर पाण्याचा थर चढला की प्रकाश परत येत नाही, आणि सर्वांत अधिक गरज असते त्याच रात्री रेषा नाहीशी होते. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ या दिवशी उल्हास नदीच्या पुराने हे खोरे कसे वेढले, हे सर्वश्रुत आहे. पण साध्या पावसाळ्यातही चिखल व खड्डेदुरुस्ती रेषा पुसून टाकतात. काँक्रीटच्या रस्त्यावर खड्डे कमी पडतात. परंतु त्याच्या फिक्या रंगावर पांढरी रेषा उठून दिसत नाही, यास्तव तिला काळ्या किनारीची जोड द्यावी लागते. म्हणजे रेषा एकदा आखून भागत नाही; ती दर पावसाळ्यानंतर पुन्हा आखावी लागते.

ती कोणी आखावयाची, हा अखेरचा प्रश्न. कल्याणहून बदलापूरकडे जाणारा प्रवासी काही कोसांच्या अंतरात दोन महानगरपालिका व दोन नगरपालिका यांच्या हद्दींतून जातो. शिवाय राज्याचे बांधकाम खाते, महानगर प्रदेश प्राधिकरण व औद्योगिक विकास महामंडळ यांचेही रस्ते या भागात आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात रस्त्याची आखणी, बांधणी वा देखभाल यांतील कसुरीमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणेस एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. दोष केवळ चालकाचा नसतो, ही गोष्ट कायद्याने त्यायोगे मान्य केली. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते.

मिशिगनच्या नदीकाठी जन्मलेल्या रेषेने रस्ता दोन मोटारींत वाटून दिला. स्थानकातून बाहेर पडणाऱ्या माणसाला त्या वाटणीत हिस्सा मिळाला नव्हता. या तीन नगरांत रेषांचे काम मध्यरेषेपासून नव्हे, तर स्थानकाच्या दारापासून सुरू व्हावयास हवे, आणि तेथेही रंगाच्या आधी कड, पदपथ व थांबण्याची जागा यांची सोय व्हावयास हवी. त्यांच्या रस्त्यांच्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष हाच होय.