तळटीप : खारघरचे ‘३८ अंश’

७. दि. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्रभूषण पुरस्कारसमारंभासाठी उघड्या मैदानात भर उन्हात बसलेल्या जनसमुदायापैकी १४ जण उष्माघाताने दगावले. त्या दिवशीची, ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशनच्या केंद्रावरील, ही कमाल तापमानाची नोंद. एवढ्याशा उष्म्याने माणसे मरतात काय, असा आक्षेप घेऊन नोंदच खोटी ठरविणे अन्यायाचे होय. कारण पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, सावलीतील हवाच मोजावी असा वेधशाळांचा दंडक असून, माथ्यावरचे ऊन, दाटीची धग आणि घाम वाळू न देणारी खाडीकाठची दमट हवा यांचा हिशेब त्या आकड्यात धरलेला नसतो.