जुनेर कुणाचे?

हल्ली शाळांतून, वसाहतींतून आणि महापालिकेच्या फलकांवरून एक उपदेश सतत कानावर येतो : घरातली नकोशी वस्तू फेकू नका, तिला नवा उपयोग शोधा. उपदेशाशी माझे भांडण नाही. पण ही कल्पना जणू आत्ताच कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाली, या थाटात तो केला जातो, त्या थाटाशी मात्र आहे. या देशात टाकलेल्या वस्तूंवर जगण्याचा इतिहास फार जुना आहे, आणि जातीला वगळून तो लिहिता येत नाही.

मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढून पाहा. चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रे वापरावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे, अशी आज्ञा तिथे आहे. त्याच अध्यायात पुढे, आश्रित शूद्राला उष्टे अन्न, जीर्ण वस्त्रे, धान्यातला गाळ आणि घरातले जुने सामान द्यावे, अशी व्यवस्था लावून दिली आहे. म्हणजे घरातल्या नकोशा वस्तूंचे काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर या ग्रंथाने केव्हाच देऊन ठेवले होते. वस्तू आहे तशीच राहिली. माणूस तिची कचरापेटी झाला. गावगाड्याने हेच पुढे चालवले. मढ्यावरचे कापड हा महारांचा हक्क समजला जाई. ‘हक्क’ हा शब्दही किती फसवा असू शकतो! जो नाकारण्याची मुभा नाही, तो हक्क कसला?

ती मुभा आमच्या माणसांनी स्वतः घेतली, आणि तिच्या तारखा आहेत. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावरांचे मांस आणि उष्टे तुकडे सोडण्याचे आवाहन केले. २५ डिसेंबरला तिथेच मनुस्मृती जाळली गेली. त्यानंतर लगेच स्त्रियांसमोर बोलताना त्यांनी स्पृश्य बायकांसारखे लुगडे नेसायला सांगितले, आणि कपडा ठिगळाचा असला तरी चालेल, पण स्वच्छ असला पाहिजे, असेही बजावले. या ठिगळाकडे आपल्या अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे मला वाटते. बाबासाहेबांचा विरोध जुन्या कापडाला नव्हताच. ज्या हाताने ते वरून टाकले जाते आणि ज्या हाताला ते खालून झेलावे लागते, त्या दोन हातांमधल्या नात्याला त्यांचा विरोध होता. आपले फाटलेले आपण सांधणे ही निराळी गोष्ट.

ती निराळी गोष्ट आमच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या. माझ्या आजीची वाकळ मला आठवते. चार लुगड्यांची जुनेरे, आजोबांचे विरलेले धोतर, आत चिंध्यांचा भर, आणि कडेपासून सुरू होऊन चौकोनात चौकोन करीत मध्याकडे जाणारा धावदोरा. कुठल्या थरात कुणाचे काय आहे हे तिला तोंडपाठ होते. वाकळ इतकी जड की अंगावर घेतल्यावर कूस बदलायला बळ लागे. ती फाटली की तिच्यावर नवे जुनेर चढे. अगदीच विरली की तिचे पोतेरे होई. डालड्याचा डबा धान्याला, तोच गंजला की टमरेल. रॉकेलच्या डब्याचा पत्रा ठोकून सरळ केला की तो छपराला. यातली एकही वस्तू घरात येताना ‘टाकाऊ’ या नावाने आलेली नव्हती. आज अशाच गोधड्या शहरांतल्या प्रदर्शनांत हस्तकला म्हणून विकल्या जातात. विकल्या जाव्यात, पण शिवणारीचे नाव त्या चिठ्ठीवर का नसते?

औरंगपुऱ्यात मी याच प्रश्नाची दुसरी बाजू पाहिली. शाळा-कॉलेजे उघडण्याच्या दिवसांत इथे जुनी पुस्तके अर्ध्या किमतीला मिळत. बाबासाहेबांनी १९५० साली या शहरात उभारलेल्या महाविद्यालयाने मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतली पोरे शिकायला आणली. त्यांतल्या कितीकांना कोरे पुस्तक परवडणारे नव्हते. मीही अशी पुस्तके घेतली. पहिल्या पानावरचे आधीच्या मालकाचे नाव खोडून खाली माझे लिहिले. दुसऱ्याने वापरून सोडलेलीच ती वस्तू. पण मी ती निवडली होती, भाव केला होता, पैसे मोजले होते. तिच्यात उपकाराचा वास नव्हता. मढ्यावरचे कापड आणि हे पुस्तक यांना ‘पुनर्वापर’ या एकाच शब्दात बसवणारा माणूस इतिहास वाचत नाही.

फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव परिसरातल्या गावकऱ्यांनी शहराच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. तीस वर्षांहून अधिक काळ शहराने आपले नकोसे तिथे नेऊन ओतले होते. मार्चमध्ये मिटमिट्याला गाड्या वळवल्या, तर तिथे दगडफेक, लाठीमार झाला. औरंगपुऱ्यातही ढीग साचले, आणि तेव्हा कुठे घरोघरी ओला-सुका वेगळा करण्याची भाषा सुरू झाली. पण कचरावेचक बायांचे हात तर हे वेगळे करणे आधीपासूनच करीत होते. कागद, काच, पत्रा, प्लास्टिकच्या जाती त्यांना स्पर्शाने कळतात. पुण्यात अशा बायांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. त्यांतल्या बहुसंख्य दलित, आणि १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा सोडून गेलेल्या कितीतरी. त्यांनी जुने कपडे मागितले नाहीत. ओळखपत्र मागितले, कचऱ्यावरचा कामगार म्हणून अधिकार मागितला. या वेळी ‘हक्क’ हा शब्द त्यांनी स्वतः उच्चारला होता. २००८ मध्ये त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचा पुणे महापालिकेशी करार झाला.

आमच्या शहरातल्या कचरावेचकांचा असा इतिहास कुणी लिहिलेला मी वाचलेला नाही. महाविद्यालयांतल्या मित्रांनी प्रबंधाचे विषय शोधताना एकदा पहाटे भंगाराच्या दुकानांपाशी उभे राहावे. वजनकाट्यासमोर बाया पोती रिकामी करीत असतात, तेव्हा कुठला माल कुठल्या वस्तीतून आला हे त्या न विचारता सांगतात.