चारोटीच्या अपघाताने चर्चेत आलेली मर्सिडीज जीएलसी : नव्या मॉडेलमध्ये काय बदललं आणि काय बदलू शकत नाही?

४ सप्टेंबर २०२२, रविवारची दुपार. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, पालघर जिल्ह्यातल्या चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर एक गाडी कठड्यावर आदळली. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री (वय ५४) आणि त्यांच्या शेजारी मागच्या सीटवर बसलेले सहप्रवासी यांचा मृत्यू झाला. पुढच्या सीटवरचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले.

गाडी होती मर्सिडीज-बेंझ जीएलसी २२०डी. त्या दिवशी एकच प्रश्न सगळीकडे फिरत होता : इतक्या महागड्या, एअरबॅग असलेल्या गाडीत असं कसं झालं?

त्यानंतर वर्षभरात, ९ ऑगस्ट २०२३ ला, याच जीएलसीची दुसरी पिढी भारतात आली. त्यात नेमकं काय नवं आहे आणि चारोटीच्या प्रश्नाचं उत्तर त्यात सापडतं का, ते पाहू.

जीएलसी म्हणजे नेमकी कोणती गाडी?

मर्सिडीजच्या नावांत अर्थ दडलेला असतो. 'जीएल' म्हणजे एसयूव्ही आणि शेवटचा 'सी' म्हणजे सी-क्लासच्या मापाची. थोडक्यात, सी-क्लास सेडानची उंच बहीण. भारतात ती २०१६ मध्ये आली. कंपनीच्या पुण्याजवळच्या चाकण इथल्या कारखान्यात तिची जुळणी होते.

नव्या जीएलसीत काय बदललं?

- आकार : लांबी सुमारे ६० मिलिमीटरने वाढून ४,७१६ मिलिमीटर झाली. डिकी ५५० लिटरवरून ६२० लिटर झाली.
- इंजिन : दोन पर्याय. जीएलसी ३०० मध्ये २५८ अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन, तर २२०डी मध्ये १९७ अश्वशक्तीचं डिझेल. दोन्ही २ लिटरची, दोन्हींना ९ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि चारही चाकांना ताकद.
- माइल्ड हायब्रिड : ४८ व्होल्टची छोटी मोटर इंजिनाला गरजेच्या वेळी जादा धक्का देते. ही गाडी चार्ज करावी लागत नाही. ब्रेक मारताना वाया जाणाऱ्या ऊर्जेतूनच बॅटरी भरते.
- आतली बाजू : मधोमध ११.९ इंचांचा उभा टचस्क्रीन, चालकासमोर १२.३ इंचांचा डिजिटल डिस्प्ले. बरीचशी बटणं गायब.
- 'पारदर्शक बॉनेट' : कॅमेऱ्यांची चित्रं जोडून बॉनेटखालचा रस्ता स्क्रीनवर दिसतो. दगडधोंड्यांच्या वाटेवर उपयोगी.
- सुरक्षा : ७ एअरबॅग, ३६० अंशांचा कॅमेरा. युरो एनकॅपच्या २०२२ च्या चाचणीत ५ स्टार.

भारतात आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत पेट्रोलला ७३.५ लाख आणि डिझेलला ७४.५ लाख रुपये होती. सप्टेंबर २०२५ मध्ये म्युनिकच्या मोटार प्रदर्शनात कंपनीने पूर्णपणे इलेक्ट्रिक जीएलसीही दाखवली.

मग चारोटीला एअरबॅग का पुरल्या नाहीत?

पोलिसांच्या माहितीनुसार मागे बसलेल्या दोघांनीही सीटबेल्ट लावलेला नव्हता. कंपनीने पोलिसांना दिलेल्या अहवालानुसार, धडकेच्या ५ सेकंद आधी ब्रेक दाबला तेव्हा वेग ताशी १०० किलोमीटर होता आणि धडकेच्या क्षणी ८९.

ताशी ८९ म्हणजे सेकंदाला जवळपास २५ मीटर. उंचावरून पडून एवढा वेग गाठायचा तर सुमारे ३१ मीटरवरून, म्हणजे दहा मजली इमारतीवरून पडावं लागेल. गाडी कठड्याला अडली तरी बेल्ट नसलेला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो आणि पुढच्या सीटवर आदळतो. त्यात पुढे बसलेल्याचाही जीव धोक्यात येतो.

एअरबॅग बेल्टची जागा घेत नाही. ती बेल्टला मदत करण्यासाठी बनवलेली असते. धडकेच्या क्षणी आधुनिक बेल्ट आधी ताणला जाऊन शरीर सीटला धरून ठेवतो, मग छातीवर फार दाब येऊ नये म्हणून थोडा सैल होतो. शरीर जागेवर असेल तरच एअरबॅगचा पुरेपूर उपयोग होतो. शिवाय बहुतेक गाड्यांत मागच्या प्रवाशांना बाजूच्या काचांवर उघडणाऱ्या पडदा एअरबॅग मिळतात. समोरून उघडणारी एअरबॅग मागच्या सीटसाठी मर्सिडीजने २०२० च्या एस-क्लासमध्ये आणली, तीही निवडक गाड्यांत.

दोष फक्त बेल्टचाच होता का?

नाही. अपघातानंतर रस्त्याच्या रचनेवरही बोट ठेवलं गेलं. मुंबईकडे येताना सूर्या नदीच्या पुलापाशी तीन लेनचा रस्ता दोन लेनचा होत होता आणि कठडा समोर येत होता. वेग, रस्ता आणि बेल्ट या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. त्यांपैकी मागच्या प्रवाशाच्या हातात असते ती फक्त शेवटची.

कायदा काय सांगतो?

मागच्या सीटवर बेल्ट लावण्याचा नियम अपघातानंतर आलेला नाही, तो आधीपासूनच होता. २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीनुसार बेल्ट न लावल्यास १,००० रुपये दंड आहे. अपघातानंतर मात्र हालचाल झाली :

- सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्राने मागच्या सीटसाठीही बेल्टचा अलार्म सक्तीचा करण्याचा मसुदा काढला.
- १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबई पोलिसांनी सर्व प्रवाशांना बेल्ट सक्तीचा केला.
- अलार्म बंद पाडण्यासाठी खाचेत अडकवायच्या क्लिप ऑनलाइन विकल्या जात होत्या. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ५ ई-कॉमर्स कंपन्यांविरुद्ध आदेश दिले आणि अशा १३,११८ जाहिराती काढल्या गेल्या.

पालघर-बोईसरकरांचा यात काय संबंध?

तारापूर एमआयडीसीतली वाहनं बोईसरहून चिल्हार फाट्यावर आणि पालघरची वाहनं मनोरला याच महामार्गाला लागतात. त्यात ७५ लाखांच्या गाड्या मोजक्याच. बहुतेक जण शेअर गाडीत, ईकोत नाहीतर साध्या हॅचबॅकमध्ये मागे बसतात. त्यांच्या गाडीत पारदर्शक बॉनेट नसेल आणि ७ एअरबॅगही नसतील. पण मागच्या सीटचा बेल्ट बहुतेक गाड्यांत असतो. कव्हरखाली किंवा सीटच्या फटीत गेलेला तो बेल्ट बाहेर काढायला काहीच खर्च येत नाही.