चित्रग्रीवाचे पाश

घाटकोपरच्या चाळींत शेजाऱ्यांच्या दूरदर्शन-संचासमोर दाटीनें बसून पाहिलेला ‘एक अनेक और एकता’ हा फिल्म्स डिव्हिजनचा १९७४ चा लघुपट परवां पुनः पाहिला. विजया मुळे यांचें दिग्दर्शन, भीमसेन खुराना यांचीं हलतीं चित्रें, वसंत देसाई यांचें संगीत. गोडी अजून ओसरलेली नाहीं. कथा आपल्या पंचतंत्र-हितोपदेशांतलीच: जाळ्यासकट उडणारे पक्षी आणि पाश कुरतडणारे उंदीर. कबुतरांच्या चिमण्या झाल्या, त्यानें फारसें बिघडलें नाहीं. परंतु चित्रग्रीव राजाच गळाला! हिरण्यक उंदीर त्याचे पाश तोडूं लागतो, तेव्हां तो म्हणतो, आधीं माझ्या आश्रितांना सोडव. एकीचा धडा आम्हां मुलांस मिळाला. पुढाऱ्यानें शेवटीं सुटावें, हा मात्र राहून गेला. आणीबाणी पुकारली गेली ती पुढच्याच वर्षीं, १९७५ सालीं.