नऊ महिन्यांचा कोर्स ते डॉक्टरेट: अमेरिकेतल्या फिजिओथेरपीची शंभर वर्षं

कंबर, मान किंवा गुडघा धरून फिजिओकडे कधी ना कधी चकरा मारल्यात? मग आजची गोष्ट तुमच्यासाठी आहे. आणि घरात कुणी बीपीटीएच करत असेल, पुढे अमेरिकेला जायचं चाललं असेल, तर त्यांनाही हा भाग नक्की पाठवा.

अमेरिकेत आज फिजिकल थेरपिस्ट व्हायचं तर काय करावं लागतं? आधी साधारण चार वर्षांची पदवी. तिच्यावर साधारण तीन वर्षांची डीपीटी, म्हणजे डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी. मग परवान्याची राष्ट्रीय परीक्षा. झाली की नाही सात वर्षं? आता १९२८ सालात जाऊ. तेव्हा तिथल्या थेरपिस्टांच्या संघटनेने ठरवलेला किमान कोर्स होता नऊ महिन्यांचा, १,२०० तासांचा. त्याआधी शारीरिक शिक्षण किंवा नर्सिंग झालेलं असावं, एवढी अट. माणसाच्या अंगातले स्नायू तर तेव्हाही तेवढेच होते! मग कोर्स इतका लांबला कसा?

सुरुवात होते पहिल्या महायुद्धात. हात-पाय जायबंदी झालेले हजारो सैनिक परत येत होते. जखम भरली तरी चालता येत नव्हतं, मूठ वळत नव्हती. अमेरिकन लष्कराने मग तरुण मुलींची भरती केली. त्यांचं पद होतं ‘रिकन्स्ट्रक्शन एड’. एड म्हणजे मदतनीस. काम लष्कराचं, पण लष्करी हुद्दा नाही. त्यांना घडवणाऱ्यांमध्ये मोठं नाव मेरी मॅकमिलन यांचं. जन्म अमेरिकेतला, शिक्षण इंग्लंडमधलं. १९१८ मध्ये ओरेगनच्या रीड कॉलेजमध्ये त्यांनी या मुलींना झटपट तयार केलं. मसाज, व्यायाम, शरीररचना, की लगेच हॉस्पिटलमध्ये रुजू.

युद्ध संपलं. या बायकांनी घरी बसायचं नाकारलं. १९२१ मध्ये त्यांनी स्वतःची संघटना काढली आणि मॅकमिलन पहिल्या अध्यक्ष झाल्या. पण एक गोष्ट अजून त्यांच्या हातात नव्हती. पेशंट तपासायचा डॉक्टरने, आजार ओळखायचा डॉक्टरने, चिठ्ठी लिहायची डॉक्टरने. थेरपिस्टने चिठ्ठीप्रमाणे काम करायचं. १९३६ मध्ये कोर्सना मान्यता देण्याचं कामसुद्धा डॉक्टरांच्या संघटनेकडे गेलं. आणि त्यांच्या कागदपत्रांत या मंडळींना नाव काय? ‘टेक्निशियन’. हे नाव त्यांना किती टोचलं असेल, विचार करा.

मग आला पोलिओ. १९५२ मध्ये एकट्या अमेरिकेत सुमारे ५८ हजार केसेस झाल्या, त्यात लहान मुलंच जास्त. लस यायला अजून तीन वर्षं होती. प्रत्येक मुलाचा एकेक स्नायू तपासायचा, किती ताकद उरलीय ते लिहायचं, महिनोन् महिने व्यायाम घ्यायचा. हे काम थेरपिस्टांशिवाय होणारच नव्हतं. थेरपिस्ट कमी पडले म्हणून पोलिओसाठी लोकांनी गोळा केलेल्या वर्गणीतून स्कॉलरशिप दिल्या गेल्या.

इथे आपल्या मुंबईचा धागा जुळतो. त्याच काळात मुंबईतही पोलिओची साथ होती. त्यातूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. म्हणजे दोन्ही देशांत या पेशाला पोलिओनेच पुढे ढकललं.

आता गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग. नेब्रास्का हे मक्याच्या शेतांचं राज्य. १९५७ मध्ये तिथल्या कायद्यात थेरपिस्टसाठी डॉक्टरच्या चिठ्ठीची सक्ती ठेवलीच नाही. पेशंटने थेट यावं, थेरपिस्टने तपासावं आणि उपचार सुरू करावेत. तेव्हा डॉक्टरेट सोडा, पदवीसुद्धा सक्तीची नव्हती. ‘किमान बॅचलर पदवी हवी’ असा ठराव संघटनेने केला तो १९६० मध्ये. आणि याच नेब्रास्कात, ओमाहा शहरातल्या क्रेटन विद्यापीठात, १९९३ साली थेट डॉक्टरेट देणारा पहिला कोर्स सुरू झाला. बघा, तपासायचा हक्क आधी आला, डॉक्टरेट ३६ वर्षांनी.

म्हणजे मोठी डिग्री मिळाली म्हणून हक्क मिळाला, असं काही घडलं नाही. हक्कासोबत जबाबदारी आली आणि तिने शिक्षण वाढवलं.

एक उदाहरण घेऊ. तुमची पोटरी दुखतेय. चिठ्ठी घेऊन गेलात तर डॉक्टरने आधीच ठरवलेलं असतं की स्नायू ताणलाय. थेरपिस्टने उपचार करायचे. पण तुम्ही थेट थेरपिस्टकडे गेलात तर? ते दुखणं स्नायूचं असेल किंवा शिरेत रक्ताची गुठळी झालेली असेल. गुठळी असताना तिथे मसाज केला आणि ती सुटून फुफ्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. कंबरदुखीचंही तसंच. बहुतेक वेळा साधी असते, पण क्वचित तिच्यामागे कॅन्सर किंवा इन्फेक्शन लपलेलं असतं. ‘हे माझं काम नाही, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला जा’ हे ओळखता येणं, ही पहिल्यांदा तपासणाऱ्याची जबाबदारी. म्हणून अभ्यासक्रमात औषधशास्त्र आलं, एक्स-रे आणि एमआरआय समजून घेणं आलं, आजारांमधला फरक ओळखणं आलं. हॉस्पिटल-क्लिनिकमधलं पूर्णवेळ प्रशिक्षण आता किमान ३० आठवड्यांचं असतं.

पुढचं वेगाने घडलं. २००२ पासून किमान मास्टर्स. २०१६ पासून नव्याने शिकणाऱ्यांसाठी डीपीटीच. आणि २०१५ पर्यंत सगळ्या ५० राज्यांत चिठ्ठीशिवाय थेरपिस्टकडे जाण्याची कमी-जास्त मुभा मिळाली होती.

पण थांबा, दुसरी बाजूही ऐकू. जुना बॅचलरवाला थेरपिस्ट आणि नवा डीपीटीवाला एकाच क्लिनिकमध्ये, एकाच प्रकारच्या परवान्यावर काम करतात. नव्याच्या डोक्यावर मात्र कितीतरी मोठं शैक्षणिक कर्ज असतं. कायद्याने थेट जाता येत असलं तरी विमा कंपन्या अनेकदा चिठ्ठी मागतातच. म्हणजे सात वर्षं शिकूनही जुनी चिठ्ठी पाठ सोडत नाही. ‘मग एवढी डिग्री पेशंटसाठी की प्रतिष्ठेसाठी?’ हा प्रश्न तिथले थेरपिस्ट स्वतःच विचारतात. माझं मत विचाराल तर दोन्हीसाठी. ज्यांना कधीकाळी टेक्निशियन म्हटलं गेलं, त्यांना मान हवासा वाटला तर त्यात गैर काय? फक्त त्या मानाचं बिल बावीस वर्षांच्या पोरांनी फेडायचं, हे मला पटत नाही.

आपल्याकडेही हीच गोष्ट आता रंगतेय. २०२५ मध्ये आलेल्या नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात बीपीटी साडेचारऐवजी पाच वर्षांची केली आणि नावाआधी ‘डॉ.’ लावण्याची शिफारस झाली. सप्टेंबरमध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ‘डॉ. लावू नका’ असं पत्र काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं! व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुम्हीही भांडला असाल. नेब्रास्काची गोष्ट आठवली तर त्या भांडणात एक प्रश्न जास्त कामाचा वाटेल: पोटरी धरून आलेल्या माणसाला गुठळी आहे की नाही, हे ओळखायची तयारी आपला कोर्स करून घेतो का?

जाता जाता, अमेरिकेला निघालेल्यांसाठी. भारतात बीपीटी झालेल्यांना तिथे पुन्हा पूर्ण डीपीटीच करावी लागते असं नाही. तुमचे विषय एकेक करून तपासले जातात, कमी पडतील ते पूर्ण करून परवान्याची परीक्षा देता येते. नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून लाखोंचं कर्ज काढण्याआधी ज्या राज्यात जायचंय तिथले नियम आधी वाचा.

चला, आज इथेच थांबू. तोवर पाठ सरळ ठेवा आणि मोबाइल जरा डोळ्यांसमोर धरा. मान खाली घालून ऐकताय, माहितीये मला!