दफ्तराचा पहारेकरी

‘दफ्तर’ हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि इथलाच झाला. पुण्यातल्या पेशवे दफ्तरात लाखो कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. आमच्या मुलांच्या पाठीवरही दफ्तरच असते. कागद एका जागी ठेवायचे, ज्याला हवे त्याला ते मिळाले पाहिजेत आणि नको त्याचा हात त्यांना लागता कामा नये, हे दफ्तरखान्याचे काम. आज हेच काम फाइल सर्व्हर करतो. एका कॉम्प्युटरवर सगळ्यांच्या फाइली असतात आणि बाकीचे कॉम्प्युटर वायरीने किंवा वायफायने त्या उघडतात. शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायत, दवाखाना, सगळीकडे कुठल्या तरी कोपऱ्यात असा एक डबा गुरगुरत असतो.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या आमच्या जळकोटसारख्या गावात कॉम्प्युटरचा वेगळा माणूस ठेवणे कुणालाच परवडत नाही. ज्याला थोडेफार जमते, तोच ‘कॉम्प्युटरवाले सर’ होतो. त्यामुळे एक वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे : “सर, सगळं स्लो झालंय, तो अँटिव्हायरस काढून टाका ना!” हे वाक्य किती जुने आहे आणि ते कुठून आले, हे शोधताना जो इतिहास हाती लागला, तो इथे मांडतो.

सुरुवात लाहोरपासून करावी लागते. १९८६ मध्ये बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी ‘ब्रेन’ नावाचा प्रोग्राम लिहिला. फ्लॉपीच्या ज्या भागातून कॉम्प्युटर सुरू होतो, त्या बूट सेक्टरमध्ये तो जाऊन बसत असे. आयबीएम पीसीवरचा पहिला व्हायरस म्हणून त्याची नोंद आहे. गंमत म्हणजे त्यात दोघा भावांची नावे, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही होता. आमच्या सॉफ्टवेअरची चोरटी कॉपी कोण वापरते ते कळावे म्हणून हे केले, असे ते सांगत. पण फ्लॉपी हातोहात फिरत राहिली आणि व्हायरस जगभर पोचला.

तेव्हा व्हायरस माणसाच्या पायांनी चालत होता. नेटवर्क आले आणि ही चाल बदलली. नॉवेल कंपनीचे नेटवेअर हे त्या काळातले फाइल सर्व्हरचे सर्वात नावाजलेले सॉफ्टवेअर. १९९१ च्या डिसेंबरमध्ये याच नॉवेलने आपल्या सुमारे ३,८०० ग्राहकांना पाठवलेल्या डिस्कमध्ये ‘स्टोन्ड’ जातीचा व्हायरस निघाला. दफ्तरखाना बांधून देणाऱ्या गवंड्याच्याच विटांत वाळवी सापडावी, तसे झाले. सर्व्हरच्या दारावर पहारेकरी हवा, हे मग कुणाला पटवून द्यावे लागले नाही.

याच काळात महाराष्ट्र या गोष्टीत येतो. ६ मार्च १९९२ रोजी ‘मायकेलअँजेलो’ व्हायरस जगभरच्या हार्ड डिस्क पुसणार, अशी मोठी घबराट पसरली होती. प्रत्यक्षात नुकसान भाकितापेक्षा पुष्कळ कमी झाले, पण व्हायरस हा शब्द घरोघर पोचला. पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले होते. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे, शिक्षण दहावीपर्यंत. दुरुस्तीला येणाऱ्या अनेक कॉम्प्युटरचे दुखणे तारेत नसून व्हायरसमध्ये आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटरचे शिक्षण घेत होते. त्यांनी मायकेलअँजेलोसारख्या व्हायरसवर इलाज लिहिले आणि त्यातून १९९० च्या दशकाच्या मध्यावर ‘क्विक हील’ उभे राहिले. २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की महाराष्ट्रातला हा अँटिव्हायरस दुरुस्तीच्या टेबलावर जन्मला. आधी बिघाड पाहिला, मग औषध लिहिले. हा क्रम पुढे कामी येणार आहे.

आता पहारेकरी काम कसे करतो ते पाहू. तुम्ही सर्व्हरवरची फाइल उघडायला सांगता. ती तुमच्या हातात पडण्याआधी अँटिव्हायरस ती मध्येच धरतो, तपासतो आणि मग सोडतो. त्यासाठी तो विंडोजच्या अगदी आत, फाइल आणि तिला मागणारा यांच्या मधोमध बसतो. तिथे बॅकअपचे, कुलूपबंदीचे असे इतरही प्रोग्राम बसतात. कोण वर आणि कोण खाली, यावरून त्यांच्यात भांडणे होत. म्हणून मायक्रोसॉफ्टने प्रत्येकाला ‘उंची’चा आकडा देण्याची पद्धत आणली, अँटिव्हायरसला ३,२०,००० ते ३,२९,९९८ हा पट्टा मिळाला. एकाच सर्व्हरवर दोन अँटिव्हायरस का बसवू नयेत, याचे उत्तरही इथेच आहे. एका दाराशी दोन दरबान उभे राहिले, की ते एकमेकांचीच झडती घेत बसतात.

हा पहारा अडचणीचा कसा ठरतो, याचे एक जुने उदाहरण फार बोलके आहे. विंडोज २००० सर्व्हरच्या काळात काही ठिकाणी नेटवर्क अचानक तुंबू लागले. मुख्य सर्व्हरांमध्ये एक सामाईक फोल्डर असे आणि त्यातली फाइल बदलली, की ती आपोआप बाकीच्या सर्व्हरवर पाठवली जाई. काही अँटिव्हायरस तपासणी करताना फाइलच्या परवान्यांची नोंद पुन्हा लिहीत. आतला मजकूर तोच, एक अक्षर इकडचे तिकडे नाही. पण सर्व्हरला वाटे, फाइल बदलली! मग सगळ्या फाइली सगळीकडे पुन्हा रवाना. व्हायरस कुठेच नव्हता, पहारेकऱ्याच्या बोटांचे ठसे तेवढे उमटत होते. मायक्रोसॉफ्टने उपाय सांगितला तो असा : या सेवेशी जुळणारा अँटिव्हायरस वापरा आणि तिचे ठरावीक कामाचे फोल्डर तपासणीतून वगळा. अँटिव्हायरस काढून टाका, असे सांगितले नाही.

कधी पहारेकऱ्याची यादीच चुकते. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीमधली ‘एसव्हीसीहोस्ट’ ही अत्यावश्यक फाइल व्हायरस ठरवली. जगभर कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागले, त्यांचे नेटवर्क तुटले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने हेच अधिक मोठ्या प्रमाणावर घडवले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज उपकरणे बंद पडली. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास घ्यावे लागले.

हे वाचून कुणी म्हणेल, मग काढूनच टाकलेला बरा. त्याचाही इतिहास आहे. २००८ च्या अखेरीस आलेला ‘कॉन्फिकर’ पेन ड्राइव्हमधून आणि सोप्या पासवर्डच्या शेअर केलेल्या फोल्डरांतून पसरला. आत शिरल्यावर तो सुरक्षेच्या सेवा बंद पाडत असे. म्हणजे आपण त्रासून जे करतो, ते त्याने पहिल्या फटक्यात केले. १२ मे २०१७ चा ‘वॉनाक्राय’ तर विंडोजच्या फाइल शेअर करण्याच्या व्यवस्थेतल्याच छिद्रातून शिरला. ते बुजवणारे अपडेट दोन महिने आधीच आले होते.

पहारा जाचक झाला की लोक तो चुकवतात, हे पुण्याइतके कुणाला ठाऊक असणार? १८९७ च्या प्लेगमध्ये रँडच्या अंमलात सैनिक घरात शिरून झडती घेत, देवघर आणि माजघर पाहत नसत. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले. रोग शोधण्यासाठीची झडती रोग झाकण्याचे कारण बनली. प्लेग खोटा नव्हता, वेगळे ठेवणेही चूक नव्हते. पद्धत चूक होती.

‘क्वारंटाईन’ हा शब्द करोनात खेड्यापाड्यांत पोचला. मूळ इटालियन शब्दाचा संबंध चाळीस या आकड्याशी आहे. बंदरात आलेल्या जहाजाला चाळीस दिवस बाजूला उभे करीत. अँटिव्हायरसही संशयित फाइल पुसण्याऐवजी अशीच बाजूला ठेवतो, आणि ते ठाऊक नसेल तर माणसावर बालंट येते. एका शाळेत हे माझ्यासमोर घडले. परीक्षेच्या तोंडावर उर्दूची प्रश्नपत्रिका सामाईक फोल्डरमधून नाहीशी झाली. शकाची सुई थेट कंत्राटी ऑपरेटरकडे वळली. पोरगा गरीब, नोकरी कच्ची, बोलणार कोण? स्टाफरूममध्ये त्याला काढण्याची भाषा सुरू झाली. मी अँटिव्हायरसची नोंदवही उघडली. फाइल क्वारंटाईनमध्ये होती, रात्री दोनच्या सुमाराची वेळ लिहिलेली होती. त्या वेळी शाळेला कुलूप होते. ती नोंद छापून टेबलावर ठेवली, तेव्हा आवाज खाली आले.

फाइल इनपेजची होती. १९९४ पासून उर्दूची बहुतेक छपाई ज्यावर चालत आली, ते हे सॉफ्टवेअर. लगेच सूचना आली, “सर, इनपेजच्या सगळ्या फाइलींना सूट देऊन टाका.” मी नकार दिला, कारण २०१६ मध्ये कॅस्परस्कीने जाहीर केले होते, की इनपेजमधल्याच एका छिद्राचा वापर करून आशिया-आफ्रिकेतल्या आर्थिक संस्थांवर हल्ले झाले. साधी उर्दू फाइल उघडायची आणि घुसखोर आत! म्हणजे आमच्या लिपीच्या फाइलवर संशय घेणारा नेहमीच चुकतो असे नाही, आणि प्रत्येक फाइलवर घेणारा बरोबर असतो असेही नाही. संशय एकेका फाइलवर, पुराव्यानिशी घ्यावा लागतो. ती एक फाइल कंपनीकडे तपासायला पाठवली. निर्दोष ठरल्यावरच परत आणली.

या सगळ्यातून मी जो क्रम शिकलो, तो असा. आधी हकीम नब्ज पाहतो तसे पाहायचे : स्लो कधी होते, कुणाला होते, कोणत्या फाइलीला होते? बऱ्याचदा पूर्ण तपासणी भर दुपारी लावलेली असते. ती रात्रीवर टाकली की निम्मी तक्रार मिटते. मग पाहायचे, तीच फाइल सर्व्हरही तपासतो आणि शिक्षकाचा कॉम्प्युटरही नेटवर्कवरून तपासतो, असे दुहेरी काम तर नाही? मग नोंदवही वाचायची. डेटाबेस किंवा बॅकअपसारख्या सतत लिहिल्या जाणाऱ्या फाइलींना कंपनीने सुचवलेली तेवढीच सूट द्यायची आणि ती कुणी, कधी, का दिली हे वहीत लिहायचे. पहारा बंद करून पाहणे भागच असेल तर नेटवर्कची वायर काढून, पाच-दहा मिनिटांसाठी. पुन्हा चालू केल्यावर ‘आयकार’ची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल ठेवून पाहायची, की पहारेकरी खरेच जागा आहे ना. आणि रोजच्या बॅकअपची एक प्रत अशा डिस्कवर, जी काम झाल्यावर सर्व्हरपासून सोडवून कपाटात ठेवली जाते. कारण यादी चुकली किंवा व्हायरस जिंकला, दोन्ही वेळी तीच कामी येते.

आमच्या या छोट्या दफ्तरांत काय असते? कुणाचा दाखला, कुणाची जन्मतारीख, कुणाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज. सरकारदरबारी आपण कोण, हे सिद्ध करायला गरिबाकडे एवढेच असते. दाखल्यातल्या एका अक्षरासाठी तहसीलच्या खेटा घालणारे पालक मी रोज पाहतो. म्हणून पुढच्या वेळी सर्व्हर अडखळला, तर पहारेकऱ्याला हाकलण्याआधी त्याची वही वाचा. आणि माणसावर बोट ठेवण्याआधी तर नक्कीच वाचा.