डोळ्यात आतून रक्त उतरले तर: विट्रेक्टॉमी केव्हा लागते?

डोळ्यासमोर एकाएकी काळे ठिपके, कोळिष्टकासारखी जाळी किंवा लालसर धूर दिसू लागतो. डोळा दुखत नाही, बाहेरून लालही दिसत नाही. अशा वेळी आतल्या आत रक्तस्राव झालेला असू शकतो. मोतीबिंदू असा एका रात्रीत येत नाही, त्यामुळे ‘पिकू दे, मग बघू’ हा हिशेब इथे महागात पडतो.

भिंगामागची पोकळी सुमारे 4 मिलिलिटर पारदर्शक जेलीने भरलेली असते. तिला व्हिट्रियस म्हणतात. बरीच वर्षे शुगर असलेल्यांच्या पडद्यावर नाजूक, नव्या रक्तवाहिन्या उगवतात. त्या फाटल्या की रक्त या जेलीत पसरते. मार लागणे, पडद्याला चीर पडणे, पडद्याची शीर तुंबणे हीही कारणे आहेत.

रक्तामुळे पडदा दिसत नसेल तर डोळ्याची सोनोग्राफी करतात. पुढचे बरेचसे त्यावरच ठरते. पडदा सुटला असेल तर ऑपरेशन लांबवत नाहीत. पडदा जागेवर असेल तर काही आठवडे वाट पाहतात, कारण रक्त आपोआप जिरू शकते. तोवर उशी उंच घेऊन झोपायला सांगतात. थांबायचे म्हणजे घरी बसायचे नव्हे. या काळात तपासणीच्या तारखा चुकवून चालत नाही. रक्त जिरले तरी शुगरवाल्यांना बहुधा लेझर किंवा इंजेक्शन लागतेच.

रक्त हटलेच नाही तर विट्रेक्टॉमी. 1970 मध्ये अमेरिकेत मायामी येथे डॉ. रॉबर्ट माखेमर यांनी ही पद्धत सुरू केली. डोळ्याच्या पांढऱ्या भागात जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची तीन छिद्रे पाडतात. एकातून पाणी आत सोडतात, दुसऱ्यातून उजेड, तिसऱ्यातून जेली कापून ओढून घेणारे कटर. बहुतेकांना डोळ्याजवळ भूल देऊन काम भागते, टाकेही सहसा लागत नाहीत. नजर किती परत येईल, हे मात्र मागचा पडदा किती शाबूत आहे त्यावर अवलंबून. पुढे मोतीबिंदू लवकर वाढतो, हेही आधीच विचारून घ्यावे.

पडदा दाबून धरायला काहींच्या डोळ्यात गॅस भरतात. मग काही दिवस मान खाली घालून राहावे लागते. गॅस असेपर्यंत विमानप्रवास बंद, आणि उंच घाट चढण्याआधीही डॉक्टरांना विचारावे. उंचीवर गॅस फुगून डोळ्यातला दाब वाढतो. सिलिकॉन तेल भरले असेल तर ते काढायला बहुधा दुसरे ऑपरेशन लागते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना सांगाव्यात, पण स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.